महासंग्रामच्या हातात आता बूम आहे

श्री. उमेश कुलकर्णी आणि श्री. गिरीश कुलकर्णी यांस,



हे पत्र तुमच्या ‘देऊळ’मधल्या महासंग्रामबद्दल आहे. किशोर कदमांनी उभा केलेला तो मंगरूळचा पत्रकार. केशाला झाडाखाली दत्त दिसले, तो गावभर ओरडत सुटला. चार दिवस चर्चा करून गाव आपल्या कामाला लागलंही असतं. महासंग्रामने ती गोष्ट छापली आणि तिला पाय फुटले. गावातल्या अण्णांचा दवाखान्याचा आराखडा बाजूला पडला आणि देवळाची तयारी सुरू झाली. हा चित्रपट २०११चा. तेव्हापासून हा माणूस मला पुण्यात सतत भेटतो. कधी शिवाजीनगर कोर्टाच्या गेटवर, कधी ससून रुग्णालयाच्या आवारात, कधी पोलिस आयुक्तालयासमोरच्या फुटपाथवर. त्याच्या हातात आता वाहिनीचा बूम माइक असतो, पाठीवर लाइव्हची बॅग असते आणि कानात डेस्कवरून कुणीतरी सतत बोलत असतं. त्याच्यावर काळ्या विनोदाचा एक पूर्ण चित्रपट करा, अशी विनंती करायला हे लिहिते आहे.

पत्रकाराकडे कठोरपणे पाहायची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) निळू फुल्यांनी केलेला दिगू टिपणीस सगळं बघतो, सगळं जाणतो, आणि शेवटी त्या जाणण्यानेच त्याचं डोकं फिरतं. विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ या नाटकात (१९८१) जयसिंग जाधव बाई विकत मिळते हे जगाला दाखवण्यासाठी खरोखर एक बाई विकत घेऊन घरी येतो. त्या नाटकामागे अश्विनी सरीन यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’साठी केलेली खरी शोधबातमी होती. दिगूला फार कळतं, जयसिंगला काहीच कळत नाही. महासंग्राम या दोघांच्या मधे कुठेतरी उभा आहे, म्हणूनच तो आपल्याला शेजारचा वाटतो. पण हे तिघेही छापील कागदाचे. ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ या वृत्तवाहिन्या २००७मध्ये आल्या, पाठोपाठ आणखी आल्या. मराठी घरात चोवीस तास बातम्या सुरू झाल्या, त्या आजतागायत बंद झालेल्या नाहीत. त्या न्यूजरूमच्या आत शिरून तिथला अंधार दाखवणारा तुमच्या ताकदीचा मराठी चित्रपट मात्र अजून व्हायचा आहे.

कथेसाठी लांब जावं लागणार नाही. १९ मे २०२४, रविवारची पहाट. कल्याणीनगरमध्ये नंबरप्लेट नसलेल्या एका पोर्शेने दुचाकीला उडवलं. मध्य प्रदेशातून आलेले, पुण्यात आयटीत काम करणारे एक तरुण आणि एक तरुणी त्यात गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, बड्या बांधकाम व्यावसायिकाच्या घरातला. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि बाल न्याय मंडळाने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला.

हे तीनशे शब्द घराघरांत पोचवले ते वाहिन्यांनी. रिक्षा स्टँडवर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, जिथे जावं तिथे लोक त्या निबंधाबद्दल बोलत होते. संताप इतका होता की कुणालाही तो दाबता आला नसता. २२ मेला मंडळाने मुलाची रवानगी निरीक्षणगृहात केली. पुढच्या काही दिवसांत रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनमधल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. कॅमेरे तिथे ठिय्या मारून बसले नसते तर यातलं कितीसं बाहेर आलं असतं? फारच थोडं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ‘मीडिया वाईट’ एवढंच सांगणारा चित्रपट करू नका. तो खोटा ठरेल आणि न्यूजरूममधला माणूस तो बघून निवांत झोपेल.

कारण त्याच आठवड्यात दुसरी गोष्टही घडली. एका पोराचा रॅपचा व्हिडिओ फिरू लागला. जामीन मिळाल्याची मिजास, मेलेल्यांची टिंगल, शिव्या. हाच तो पोर्शेवाला मुलगा, असं सांगत व्हिडिओ सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि पाठोपाठ वाहिन्यांवरही लागला. तो मुलगा तो नव्हताच. रील बनवणारा भलताच कुणी होता, त्याच्यावर पुढे गुन्हा दाखल झाला. पोलिसांना खुलासा करावा लागला. आरोपी मुलाच्या आईने रडत रडत स्वतःचा व्हिडिओ काढून सांगितलं, की हा माझा मुलगा नाही.

अशी क्लिप हवेत कशी जाते ते मला माहीत आहे, कारण मी बरीच वर्षं एका वाहिनीच्या डेस्कवर काढली आहेत. समोरच्या भिंतीवर आठ-दहा टीव्ही असतात, प्रत्येकावर दुसरी वाहिनी, सगळे म्यूट. क्लिप आधी असाइनमेंटच्या ग्रुपवर पडते. कुणीतरी म्हणतं, जरा चेक करू या. तेवढ्यात भिंतीवरच्या एका टीव्हीवर तीच क्लिप दिसते. तिथून पुढे ‘खरी आहे का?’ हा प्रश्न खोलीतून निघून जातो आणि ‘आपल्याकडे का नाही?’ हा प्रश्न आत येतो. रिपोर्टरला फोन जातो, कन्फर्म कर. तो बिचारा भलत्याच ठिकाणी दुसऱ्या बाइटसाठी ताटकळत असतो. तो एका हवालदाराला विचारतो, हवालदारानेही ती क्लिप फोनवरच पाहिलेली असते. मग पट्टी तयार होते: ‘हाच का तो?’ प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी उतरली, असं डेस्क धरून चालतं. एडिटर क्लिपमधले आठ-नऊ सेकंद लूपवर टाकतो, चेहऱ्याभोवती लाल गोल काढतो, खाली ठेका लावतो. अँकरला टेलिप्रॉम्प्टरवर दोन ओळी मिळतात. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत उरकतं. या साखळीत कुणीही ठरवून खोटं बोललेलं नसतं. तुमच्या चित्रपटाचा मध्यबिंदू मला इथे दिसतो. ज्या हातांनी मंगळवारी सरकारला जाब विचारला, तेच हात दोन दिवसांनी ही पट्टी टाइप करतात, आणि दोन्ही वेळा त्यांना सारखंच उत्साही वाटतं.

या गोष्टीला आणखी एक वळण आहे. रॅपच्या व्हिडिओबाबत खरं सांगणाऱ्या त्या आईला पुढे १ जूनला अटक झाली. मुलाच्या रक्ताच्या जागी तिचं रक्त दिलं, असा पोलिसांचा आरोप आहे. म्हणजे एका बाबतीत ती खरं बोलत होती आणि दुसऱ्या बाबतीत तिच्यावर गंभीर आरोप आहे. तुमच्यासारखा कथाकार एवढ्यावर एक अख्खा अंक लिहील. वाहिनीला हे पेलत नाही. तिला एका वेळी एकच आई लागते, एकतर रडणारी, नाहीतर कारस्थानी.

तुमच्याच क्षेत्रातल्या एका माणसाने या प्रश्नासाठी कोर्टाची पायरी चढली होती, याचीही इथे आठवण करून देते. ‘शाळा’ आणि ‘फँड्री’चे निर्माते नीलेश नवलाखा. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे चालवलं होतं, त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांत ते होते. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती जी. एस. कुलकर्णी यांनी १८ जानेवारी २०२१ला निकाल दिला. तपास चालू असताना काय दाखवू नये ते त्यात सविस्तर आहे: गुन्ह्याचं नाट्यरूपांतर करू नका, तपासातली गोपनीय माहिती फोडू नका, कथित कबुलीजबाब पुरावा म्हणून मिरवू नका, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन खटला आधीच चालवू नका, कुणाच्या चारित्र्यावर निकाल देऊ नका. चर्चेत कुणी वाहवत गेला तर अँकरने त्याचा आवाज बंद करावा, इथपर्यंत न्यायालयाने सांगितलं. मी तो निकाल मन लावून वाचला होता. त्यानंतरही आपण काय काय पाहिलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. निकालपत्राने वकिलाचे हात बळकट होतात. न्यूजरूममध्ये रात्रपाळीला बसलेल्या पंचविशीतल्या मुलाला आपण काय करतोय ते दिसायचं असेल, तर त्याला पडदाच लागेल.

जगात असे चित्रपट झाले आहेत आणि तुम्ही ते पाहिले असणारच. बिली वाइल्डरच्या ‘एस इन द होल’मध्ये (१९५१) गुहेत अडकलेल्या माणसाला लवकर बाहेर काढता येत असतं, बातमी लांबावी म्हणून पत्रकार वरून ड्रिल करायचा लांबचा मार्ग गळी उतरवतो आणि खाली माणूस मरत असताना वर जत्रा भरते. ती जत्रा बघताना मला मंगरूळचे स्टॉल आठवले. डॅन गिलरॉयच्या ‘नाइटक्रॉलर’मध्ये (२०१४) लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर रात्री अपघात शोधत फिरणारा लू ब्लूम चांगली फ्रेम मिळावी म्हणून मृतदेह सरकवतो. चित्रपट जबरदस्त आहे. पण लू ब्लूम राक्षस आहे, आणि राक्षसाकडे बघताना प्रेक्षक स्वतःला वेगळा काढतो. मला अनुषा रिझवींचा ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) अधिक झोंबला. नत्था आत्महत्या करणार म्हणून सगळा देश गावात लोटतो. तिथेच होरी महतो नावाचा एक म्हातारा रोज माती खणत खणत मरून जातो, आणि त्याच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. नत्थाची बातमी पहिल्यांदा काढणारा गावचा वार्ताहर राकेश शेवटी जळून मरतो, आणि त्याचा देह नत्थाचा म्हणून खपून जातो.

आपल्याकडेही होरी महतो आहेत. डिसेंबर २०२४मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. ही माणसं अमरावतीकडून कामासाठी आलेली. तिघे गेले, त्यात दोन लहान मुलं. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. कल्याणीनगरपासून हे ठिकाण नगर रस्त्याने सरळ पुढे आहे. तिथे वाहिन्यांच्या ओबी व्हॅन किती दिवस उभ्या होत्या, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. डेस्कवर अशा बातमीला लगेच विचारलं जातं, प्रोफाइल काय आहे? मेलेल्याचं प्रोफाइल. हा शब्द मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि अजूनही तो कानावर आला की अंगावर काटा येतो.

नायक कोण असावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. स्टुडिओतला अँकर नको. अँकरची नक्कल सगळेच करतात. लोक हसतात आणि घरी जातात. नायक तालुक्याचा स्ट्रिंगर असावा. शिरूरचा घ्या, आंबेगावचा घ्या. त्याला पगार नसतो, बातमी लागली तर पैसे, तेही महिनोन् महिने थकलेले. तो दोन-तीन वाहिन्यांचे बूम एका हातात धरतो. पोट भरायला त्याचं झेरॉक्सचं दुकान असतं किंवा दुधाचा रतीब असतो. कुठल्याही फौजदाराचा, सरपंचाचा, तलाठ्याचा नंबर त्याला तोंडपाठ. माळीण गावावर ३० जुलै २०१४ला डोंगर कोसळला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या गाड्यांना चिखलातून वाट दाखवायला असेच लोक लागले. तो चांगला माणूस आहे. गावात कुणाला रक्त हवं असेल तर पहिला फोन त्यालाच येतो.

अशा माणसाला फेब्रुवारी २०२५च्या शेवटच्या आठवड्यात उभा करा. स्वारगेट आगारात शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला आणि आरोपी शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावात लपल्याचं कळलं. उसाच्या फडांवर पोलिसांचे ड्रोन, बांधावर श्वानपथक, काठ्या घेऊन निघालेले गावकरी. आणि डेस्कवरून दर दहा मिनिटांनी फोन: तू कुठे आहेस? उसात आहेस का? मग उसात जा ना! काही घडत नसताना त्याला घडल्यासारखं बोलायचं आहे, कारण वर चौकटीत त्याचा चेहरा आहे आणि खाली ‘थेट गुनाटहून’ लिहिलं आहे. मध्यरात्री आरोपी सापडतो. गावाने पोलिसांना केलेली मदत ही खरोखर अभिमानाची गोष्ट होती. पण दुसऱ्या दिवशी डेस्कला गाव नको असतं. त्या तरुणीने आरडाओरडा का केला नाही, प्रतिकार केला की नाही, यावर चर्चा रंगू लागते. ज्या बाईचं नाव छापणंसुद्धा कायद्याने गुन्हा आहे, तिच्या वागण्याची चिरफाड भर संध्याकाळी होते. त्या वेळी आपला स्ट्रिंगर घरी जेवत असेल, समोर टीव्ही चालू असेल आणि त्याची मुलगी शेजारी बसलेली असेल. तो रिमोट उचलेल का? हा प्रसंग गिरीश, तुम्ही लिहा. तुम्हाला त्या घरातली भाषा येते.

एक दृश्य मी स्वतः पाहिलं आहे, ते तुम्हाला देते. ससूनच्या शवागाराबाहेर, दुपारची वेळ. बाहेरगावचा एक म्हातारा बाप मुलाचा देह ताब्यात घ्यायला आला होता. रंगीत फोमचे सात-आठ बूम त्याच्या तोंडासमोर आले. त्याला वाटलं, हे सरकारी लोक असावेत. त्याने पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि कचेरीत सांगतात तसं सांगायला लागला: माझं नाव अमुक, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका अमुक. कुणीतरी त्याला मधेच थांबवलं, बाबा, ते राहू द्या, तुम्हाला काय वाटतंय ते सांगा. त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने पुन्हा नाव, गाव, तालुका सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला. संध्याकाळभर वाहिनीवर चालली ती तेवढीच बाइट, आवाज फुटल्यानंतरची. नाव-गाव कापलं गेलं होतं. या दृश्यात विनोद आहे, असं मी म्हणणार नाही. पण काळ्या विनोदाचा चित्रपट लिहिणाऱ्याला ते सोडून पुढे जाता येणार नाही, एवढं मला कळतं.

टीआरपीला सगळं पाप चिकटवून मोकळं होऊ नये, असंही वाटतं. दर गुरुवारी आकडे येतात आणि न्यूजरूमची हवा बदलते, हे खरं. पण ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात टीआरपी मोजणाऱ्या ‘बार्क’ने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे देणंच थांबवलं होतं. आकडे नव्हते, तरी आवाज खाली आला नाही. स्पर्धेची सवय अंगात इतकी मुरली होती की मोजणारा नसतानाही सगळे धावतच राहिले. त्या काळातली न्यूजरूम एका अंकात दाखवता आली, तर चित्रपट खोलात जाईल.

आणि प्रेक्षकांना सोडू नका. ‘वळू’मध्ये तुम्ही हे आधीच करून दाखवलं आहे. कुसवडे गावात कॅमेरा आला आणि जो तो डुरक्याबद्दल सांगू लागला. गावात जे काही बिघडलं ते सगळं त्या बैलाच्या नावावर. लोक कॅमेऱ्याला हवं ते बोलायला किती लवकर शिकतात, हे इतक्या प्रेमाने मराठीत क्वचितच कुणी दाखवलं असेल. ‘देऊळ’मध्येही देवळाचा फायदा एकट्या पुढारी भाऊंना झाला नाही, ज्याच्या त्याच्या वाट्याला काही ना काही आलं. तो रॅपचा व्हिडिओ वाहिनीवर दिसण्याआधी आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला होता. शिकली-सवरलेली, निवृत्त, पोथीपुराण आणि घटना दोन्ही वाचणारी माणसं तो पुढे पाठवत होती. सीसीटीव्हीचं फुटेज पोलिस ठाण्यातून बाहेर पडतं, वकील कोर्टाच्या पायऱ्यांवर बाइट देतात, नगरसेवक चेहरा दिसावा म्हणून आंदोलन पाच वाजता ठेवतात. हे सगळे पडद्यावर यायला हवेत. आपण स्वतःही.

चित्रपट पुण्यातच घडवा. उमेश, तुम्ही इथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलात. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म संग्रहालय आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथली पत्रकारितेची मुलं अभ्यास संपला की थेट या वाहिन्यांत जातात. पहिला खेळ त्यांच्यासाठी लावा, नोकरीच्या पहिल्या दिवसाच्या आधी. भिंतीवरच्या टीव्हीवर क्लिप दिसली की काय होतं, हे त्यांना आधी बाहेरून पाहायला मिळू दे.

संशोधनासाठी माणसं लागतील, ती मिळतील. स्ट्रिंगर बोलायला उत्सुक आहेत. आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नाही. डेस्कवरची मंडळी नाव न सांगता बोलतील. माझ्या काळातले काही रनडाउन माझ्याकडे आहेत. कोणती बातमी किती वाजता वर गेली, कोणती पडली, हे त्यात ओळीने आहे. कळवा, मी ते घेऊन येईन.

आपली,
डेस्कवर काम केलेली एक पुणेकर